पहिल्या क्रमांकाचा अपमान

आवडत्या दहा गायकांची आणि दहा खेळाडूंची क्रमवार यादी करणे हे काम वरकरणी अगदी निरुपद्रवी दिसते. त्याला सातबारा लागत नाही, आधार कार्ड लागत नाही आणि ते बिघडले तरी कोणाचे पीक बुडत नाही. तरीही अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी हे काम हाती घेतल्यापासून पानठेल्यावर माझा खर्रा सगळ्यांच्या शेवटी घोटला जातो.

या खोडीचे मूळ रेडिओत आहे. १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, अमीन सयानी गाण्यांना पायदानांवर चढवू-उतरवू लागले आणि तेव्हापासून गाणे नुसते आवडून भागेनासे झाले. ते कितवे आवडले हेही सांगणे आले. सयानींकडे निदान रेकॉर्डच्या विक्रीचे आकडे आणि श्रोता संघांचा कौल असे. माझ्याकडे फक्त माझी मर्जी आहे आणि ती महावितरणच्या वेळापत्रकावर चालते.

हे मी गमतीने म्हणत नाही. शेतीपंपाची थ्री फेज लाइन आमच्याकडे बरेचदा रात्रीच असते. पौषातल्या थंडीत, मध्यरात्र उलटल्यावर, हरभऱ्याला ओलीत करताना स्प्रिंकलरचे पाइप सोडवून खांद्यावर घ्यावे, तर पाइपात उरलेले गार पाणी नेमके मानेवरून पाठीत उतरते आणि काळी माती चपलेला अशी चिकटते की पावलागणिक माणूस उंच होत जातो. अशा वेळी शर्टाच्या खिशातल्या मोबाइलवर कुमार गंधर्वांचे निर्गुणी भजन सुरू असले, तर ते सहाव्या क्रमांकावरून तडक पहिल्यावर येतात. सकाळी चहाचा कप हातात आला की भीमसेन जोशी एका तानेत त्यांना खाली बसवतात, आणि दुपारी वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला जन्मलेले, म्हणजे आपल्या वऱ्हाडचे, हे आठवून माझी निष्ठा पुन्हा डळमळते. या तिघांच्या धक्काबुक्कीत लता मंगेशकर चौथ्या क्रमांकावर गेल्याचे सौभाग्यवतींच्या लक्षात आले.

"अहो, लताबाईले चवथा नंबर देनारे तुमी कोन?"

हा केवळ मसुदा आहे, असे निवेदन मी दिले. ते तत्काळ फेटाळण्यात आले.

खेळाडूंची अडचण निराळी आहे. तिथे आकडे असतात आणि आकडे असूनही काहीच ठरत नाही. १९७१ साली वेस्ट इंडिजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा काढणारे गावस्कर वर, की शंभर आंतरराष्ट्रीय शतके करणारा सचिन? १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव या दोघांच्या वर की खाली? हा गुंता मी घरबसल्या सोडवलाही असता. पण वहीचे पान पानठेल्यावर पोचले, आणि आमच्या गावात यादी घरकुलाची असो की पीक विम्याची, तिच्यात अमका का आणि तमका का नाही, असे विचारणे हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे.

"गुरुजी, उमेश यादव कुठं हाये? कोळसा खाणीतल्या कामगाराचं पोट्टं देशासाठी खेळलं, अन् तुमच्या वहीत त्याले जागा नाई?"

दुसऱ्याने रजनीश गुरबानीचा अर्ज पुढे केला. विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला, त्या इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅटट्रिक घेतली होती, ही बाब नाकारण्यासारखी नव्हतीच. वसीम जाफरच्या नावावर मात्र "थो तं मुंबईचा" अशी हरकत आली; तेव्हा विदर्भाकडून दोन रणजी करंडक जिंकणाऱ्यास रहिवासी दाखला मागू नये, असा निर्णय मला द्यावा लागला. पाठोपाठ एका आजोबांनी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवली, याची आठवण करून दिली आणि साऱ्या पथकाला मिळून एक क्रमांक मागितला.

खरा पेच पारावर उभा राहिला. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीला मी कितवा क्रमांक दिला, असे तिथल्या वडीलधाऱ्यांनी शांतपणे विचारले. मोझरीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाने या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देऊ नये, एवढी समज मला आहे. "महाराज यादीच्या वर आहेत," असे मी म्हणालो आणि सगळ्या माना डोलल्या.

ही सोय इतकी उत्तम निघाली की दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी रीघ लागली. त्याच संध्याकाळी लता मंगेशकर वर गेल्या होत्या. वसंतराव वर म्हटल्यावर भीमसेन आणि कुमार यांना खाली ठेवणे शोभेना. सचिन गेला म्हणून गावस्कर गेले, ध्यानचंद तर आधी विचारात का घेतले नाहीत म्हणून माफीसह गेले, खाशाबा गेले, बर्लिनचे पथक सामानासकट गेले. आता यादीच्या वर एवढी दाटी झाली आहे की तिथेही आधी कोण आणि नंतर कोण, हा वाद सुरू झाला असून मूळ यादीत मोजकीच मंडळी उरली आहेत. खेळाडूंत गुरबानी आपसूक पहिला आला.

ही आनंदवार्ता त्याच्या पाठीराख्याला मी स्वतः जाऊन सांगितली. त्याने हातातला खर्रा घोटणे थांबवले आणि माझ्याकडे रोखून पाहिले.

"गुरुजी, त्या बिचाऱ्यानं तुमचं काय बिघडवलं जी, का त्याले सरळ पयल्या नंबरावर टाकलं?"