खाण बंद झाली, डंपरचा रस्ता राहिला

गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांच्या फोनपासून वाडीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: चिरेखाणींना, म्हणजे जांभा दगडाचे चिरे कापायच्या खाणींना, उगाच बदनाम करतात. खाण थांबली की चार पावसाळ्यांत खड्डा आपोआप भरतो, उरलेल्यात पाणी साठून फुकटचं शेततळं होतं, झाडं उगवतात, गावाला आयता रस्ता मिळतो आणि बाकीचं रॉयल्टीतून सरकार बघतं. शेवटी टोमणा: विरोध करणारे राहतात चिऱ्याच्याच घरात.

टोमणा कबूल. माझं घर चिऱ्याचं, गोठाही चिऱ्याचा. खाणच नको, असं मी म्हणत नाही. खाण उघडताना जी यंत्रं सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चढतात, त्यांतलं एखादं बंद करतानाही दोन दिवस थांबावं, एवढंच.

खड्डा आपोआप भरतो म्हणजे कशाने? त्यातला माल तर लोकांच्या भिंतींत बसलाय. दहा गुंठ्यांची, बारा फूट खोल खाण घ्या: सुमारे १,३०० ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). तीन ब्रासच्या डंपरने भरायची तर सव्वाचारशेहून जास्त खेपा. पाऊस आणून आणून आणणार ती सड्यावरची माती, आणि सड्यावर माती असते किती? कुठे वीतभर, कुठे बोटभर, कुठे नुसता कातळ. तीसुद्धा खाण उघडताना पहिल्याच दिवशी खरवडून बाजूला लोटलेली असते आणि पुढे तिच्यावर तुकड्या-भुग्याचा ढीग चढतो. ढीग उलटा लागला, की खाली घालायचं ते वर आणि वर पसरायची माती तळाला! माती सुरुवातीलाच वेगळी ठेवली असती, तर भुगा आणि तुटके चिरे तळात आणि माती वर, एवढं काम जागच्या जागी झालं असतं.

शेततळ्याची गोष्ट अर्धी खरी आहे. जांभा सच्छिद्र. सड्यावरचा पाऊस त्यातून झिरपतो, खालच्या चिकण मातीवर अडतो आणि पायथ्याला झरा होऊन बाहेर येतो. खाण जांभ्यातच थांबली असेल तर पाणी शिमग्यापर्यंतही टिकत नाही. चिकण मातीपर्यंत गेली असेल तर मे महिन्यातही राहतं आणि उपयोगी पडतं, हे मी नाकारत नाही. पण एकदा काठावर उभं राहून बघा. मशीनने कापलेल्या उभ्या, सरळ भिंती. आत पडलेल्या वासराला खूर टेकायला जागा नाही, पोराला हात धरायला जागा नाही. एका बाजूने उतार काढा, कुंपण घाला, मग खुशाल तळं म्हणा.

झाडं उगवतात, हेही खरं. रानमोडीचं तण उगवतं. वर कोणीतरी ऑस्ट्रेलियन बाभळी लावून फोटो काढतं. पण सडा म्हणजे जंगल नव्हे. उन्हाळ्यात करपलेला, सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे पिकाला नालायक. श्रावण-भाद्रपदात त्यावरच गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू ही रानफुलं. कासच्या पठारावर हेच बघायला आपण गाड्या घेऊन जातो, तोही जांभाच.

आता सरकार. रॉयल्टी ही काढलेल्या दगडाची किंमत, मोडलेल्या जमिनीच्या दुरुस्तीची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ ला, दीपक कुमार खटल्यात, पाच हेक्टरांखालच्या, चिऱ्यासारख्या गौण खनिजाच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. ८ जानेवारी २०२० ला, शरद बोबडे सरन्यायाधीश असताना, त्याच न्यायालयाने खाणपट्ट्यांत अट घालायला सांगितली: काम संपल्यावर खाणधारकाने खाणीच्या जागेवर आणि खाणकामामुळे बिघडलेल्या इतर जागेवरही पुन्हा गवत आणायचं, जमीन चारा उगवण्याजोगी करायची.

‘इतर जागा’ म्हणजे पहिल्यांदा तो आयता रस्ता. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि डंपरला जवळचा म्हणून रस्ता काढतात उतारावरून सरळ. गटार नाही, मोरी नाही. भरल्या गाड्यांनी जमीन इतकी दाबलेली, की गवताचं मूळ शिरत नाही. आमच्या वाडीच्या वरची खाण बंद झाली, त्याच्या पहिल्याच आषाढात चाकोऱ्या गुडघाभर खोल गेल्या, पऱ्यात (ओहोळात) टाकलेला पाइप तुंबला आणि सगळा तांबडा गाळ काकांच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात उतरला. नुकती लावणी झालेली. आवा, म्हणजे लावलेली भाताची रोपं, दिसेनासा झाला. पुढच्या वर्षी नांगर घातला तर फाळ चिऱ्याच्या कपच्यांवर खरखरत होता.

गावाला रस्ता हवाच असेल तर ग्रामपंचायतीत त्याची नोंद करा, गटार-मोरी बांधून घ्या, दुरुस्ती कोणाची ते लिहून घ्या. नको असेल तर मोडा. मोडायचा म्हणजे जेसीबीच्या दातांनी हात-दीड हात उकरायचा, तिरके चर काढून पाणी बाजूला काढायचं (चढ जास्त तिथे चर जवळजवळ), पऱ्यातला पाइप उपसून जुनी वाट मोकळी करायची, माती आणि बी धरलेलं गवत पसरायचं. तोंडाशी मोठे दगड टाकायचे, नाहीतर मोटारसायकलवाले आठवड्यात चर बुजवतात.

खाणवाला फोन उचलेना, तेव्हा गेल्या मे महिन्यात आम्ही वर्गणी काढून जेसीबी आणला. सात चर झाले. यंदा पाणी डावीकडे करवंदीच्या जाळीत जातंय. कोपऱ्यातला गाळ काका अजून घमेल्याने काढतायत.