कायटोसान फासलं म्हणून नळी अमर होत नाही

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, बऱ्याच जणांनी बघितला असेल. त्यात म्हटलंय की मेडिकल प्लास्टिकला प्लाझ्मा (रक्तातला नव्हे, विजेने चेतवलेला वायू) ट्रीटमेंट देऊन त्यावर कायटोसानसारख्या (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणाऱ्या) नैसर्गिक पदार्थाचा थर चढवला की इन्फेक्शन होतच नाही, थर कायमचा बसतो, केमिकल अजिबात नाही, नैसर्गिक म्हणून साइड इफेक्ट शून्य, आणि कंपन्या हे मुद्दाम दाबून ठेवतात. गंमत अशी की यातला पाया खरा आहे, म्हणून तर लोकांना पटतं. प्लाझ्मा खरा, कायटोसान जंतूंना आवरतं हेही खरं. वर जो इमला बांधलाय तो मात्र जागोजागी गळतोय.

"प्लाझ्मामुळे थर कायमचा बसतो." पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनसारखं प्लास्टिक घ्या, यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो पसरत नाही, गोळीसारखा बसून राहतो. कायटोसानचं पातळ द्रावण लावलं तरी तेच, गोळा होऊन सरकतं. प्लाझ्मा काय करतो तर अगदी वरच्या काही नॅनोमीटरमध्ये ऑक्सिजन किंवा नायट्रोजनवाले ग्रुप (अणूंचे छोटे गट) तयार करतो आणि मग पाणी नीट पसरतं. पण प्लास्टिकच्या आतल्या साखळ्या काही दगड नसतात, त्या हळूहळू वळतात, हे ग्रुप आत ओढून घेतात आणि काही दिवसांत पृष्ठभाग बराचसा पूर्वपदावर येतो. आम्ही एकदा शुक्रवारी पट्ट्या ट्रीट करून ठेवल्या आणि कोटिंग सोमवारी केलं, वाळल्यावर तो थर नखाने पापडीसारखा निघाला. लगेच लावलं तर चांगलं धरतं, मान्य. पण तेव्हाही प्रश्न उरतोच की थर नुसता विद्युतभाराच्या ओढीवर बसलाय की रासायनिक बंधाने. पहिल्या प्रकारचा थर शरीरातल्या खारट द्रवात सुटत जातो. दुसरा टिकतो, पण तोही "कायमचा" नाही, कारण शरीरातली एन्झाइम्स कायटोसान हळूहळू तोडतात.

आणि तो रासायनिक बंध करायचा कशाने? इथेच "केमिकल नाही" वाला मुद्दा बसतो खाली. ग्लुटराल्डिहाइड, कार्बोडायइमाइड असलं काहीतरी लागतं, आणि ग्लुटराल्डिहाइड नीट धुतलं नाही तर पेशींना मारतं. गार्डेनियाच्या फळापासून मिळणारं जेनिपिन कमी विषारी आहे पण तेही केमिकलच ना. मुळात कायटोसानच कोळंबी-खेकड्याच्या कवचांवर ॲसिड आणि मग कडक कॉस्टिकची प्रक्रिया करून बनतं. यात वाईट काही नाही, फक्त "केमिकल-फ्री" म्हणू नका एवढंच.

आता मुख्य मुद्दा, "इन्फेक्शन शून्य". कायटोसान जंतूंना मारतं ते त्याच्या अमिनो ग्रुपवरच्या धन भारामुळे, जंतूच्या बाहेरच्या ऋण भाराला ते चिकटतं आणि त्याचं आवरण बिघडवतं. पण हा भार आम्लधर्मी ठिकाणी असतो. साधारण ६.५ पीएचला निम्मे ग्रुप भारित असतात, रक्ताच्या ७.४ला दहातला जेमतेम एखादा. म्हणजे ॲसिटिक ॲसिडमधलं द्रावण जंतूंवर ओतून काढलेले झकास फोटो हे रक्तातल्या नळीबद्दल फारसं काही सांगत नाहीत. लघवी बरेचदा आम्लधर्मी असते, तिथे बरं चालेल असं वाटतं, पण प्रोटियस नावाचा जंतू आला की तो युरियापासून अमोनिया बनवतो, पीएच चढतो, क्षार जमून कॅथेटर (लघवी काढायला घातलेली नळी) तुंबतं. शिवाय नळी रक्तात गेली की काही सेकंदांत प्रथिनांचा थर तिच्यावर बसायला लागतो, मग जंतूला खालचं कोटिंग दिसतंच कुठे, तो त्या प्रथिनांवर बसतो. आणि सगळ्यात मोठी गोची म्हणजे कायटोसान रक्त गोठवतं! रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्यांमध्ये ते वापरतात ते याचसाठी. जखमेवर वरदान, पण शिरेतल्या नळीच्या आत तोच गुण गुठळी करेल. म्हणजे कोटिंग "चांगलं" का असं विचारण्यात अर्थ नाही, कुठे लावणार ते आधी सांगा.

लॅब आणि पेशंट यात किती अंतर असतं याचं एक उदाहरण नैसर्गिक पदार्थाचं नाही पण बोलकं आहे. चांदीचं कोटिंग असलेल्या लघवीच्या कॅथेटरकडून खूप आशा होत्या, ब्रिटनमध्ये हजारो पेशंटवर मोठी चाचणी झाली, २०१२ साली निकाल आला, थोड्या दिवसांच्या वापरात साध्या कॅथेटरपेक्षा म्हणावा असा फायदा दिसला नाही. चांदी लॅबमध्ये जंतू मारते यात कुणालाच शंका नव्हती.

"नैसर्गिक म्हणजे साइड इफेक्ट नाही." नॅचरल रबर लॅटेक्स झाडाच्या चिकापासूनच बनतं ना? त्याच्या ॲलर्जीने माणसं दगावली आहेत, १९९१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) डॉक्टरांना सावध करावं लागलं होतं. रक्त गोठू न देणारं औषध हेपरिन डुकराच्या आतड्यांपासून मिळतं, २००७-०८ मध्ये त्यात भेसळ झाली आणि पेशंट मेले. प्राण्यापासून आलेला माल म्हटला की प्रत्येक बॅच तपासणं आलं. (कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी लगेच घाबरू नका, ती ॲलर्जी मुख्यतः मांसातल्या प्रथिनाची असते, कवचातल्या कायटिनची (ज्यापासून कायटोसान बनतं) नव्हे. पण म्हणूनच कायटोसान किती शुद्ध आहे हे महत्त्वाचं.)

निर्जंतुकीकरणाबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही. १२१ डिग्रीच्या ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) कोलॅजन, म्हणजे असंच कोटिंगला वापरलं जाणारं प्राण्यांमधलं प्रथिन, टिकत नाही, गॅमा किरणांनी कायटोसानच्या साखळ्या तुटतात. म्हणजे तपासायचं ते निर्जंतुक केल्यानंतरचं कोटिंग, आधीचं नाही.

राहिलं कंपन्या दाबून ठेवतात ते. अहो, ओपन हार्ट सर्जरीत वापरायच्या हेपरिन कोटेड नळ्या कित्येक वर्षं बाजारात आहेत. पेशी वाढवायच्या पॉलिस्टायरीनच्या डिशला पृष्ठभाग ट्रीटमेंट असते आणि कोलॅजन लावलेल्या डिश तर कॅटलॉगमधून मागवता येतात. पॉलिएस्टरच्या कृत्रिम रक्तवाहिन्या विणलेल्या असतात, त्यातून रक्त झिरपू नये म्हणून पूर्वी सर्जन त्या पेशंटच्याच रक्तात भिजवून घ्यायचे, आता जिलेटिन किंवा कोलॅजन भरलेल्या तयार मिळतात. आणि तिथे तो थर कायमचा बसावा अशी कुणाची अपेक्षाच नसते, काही आठवड्यांत तो विरघळून जावा आणि त्याच्या जागी शरीराचं स्वतःचं ऊतक यावं यासाठीच तो भरलेला असतो.