लोफोटेनला मार्चमध्येच जावा

‘लोफोटेन बेटं बघायची तर जून-जुलैतच, हिवाळ्यात तिथं काही नसतं’ हे नॉर्वेतल्या या बेटांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. मध्यरात्रीचा सूर्य उन्हाळ्यातच दिसतो, मान्य. पण तिथली खरी मासेमारी जानेवारी ते एप्रिल! उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा (तिकडं त्याला स्क्रेई म्हणतात) अंडी घालायला तेव्हाच या बेटांजवळ येतो. मुलगी नॉर्वेत असल्यामुळं आम्ही दोघं मार्चमध्ये तिथल्या हेनिंग्सव्हेर गावाला गेलो होतो. लाकडी मांडवांवर शेपटीला शेपटी बांधून जोडीजोडीनं वाळत टांगलेले मासे, मुंडकी वेगळी. ती मुंडकी म्हणे नायजेरियाला जातात!

मिठाचा कण नाही की हो त्या माशाला. आमच्या खानापूरच्या बाजारात घाटाखालून येणारा सुका बांगडा मिठानं पांढरा झालेला असतो. तिथं शून्याच्या आसपासची थंडी आणि वाराच वाळवायचं काम करतो. माश्या नाहीत, किडे नाहीत. उन्हाळ्यात गेलात तर मांडव बहुतेक रिकामेच. वास मात्र थेट आपल्या सुक्या बाजाराचा. बायकोनं नाकाला पदर लावला, मला भूक लागली.