उड्डाणपुलांनी पुण्याची कोंडी सुटणार नाही: फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: पुण्याची वाहतूककोंडी सोडवायची तर रस्ते रुंद करा, मोठ्या चौकांत उड्डाणपूल बांधा, बीआरटी (बससाठी राखीव लेनची व्यवस्था) फसलीच आहे तर तिचे उरलेसुरले मार्गही उखडा, पीएमपी (शहराची बससेवा) तोट्यात आहे आणि आता मेट्रो आली आहे तेव्हा बसवर पैसे घालवू नका, आणि कोणी चालत नसलेले फूटपाथ कापून पार्किंगला जागा द्या.

हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांचा वैताग खरा आहे. संध्याकाळी घरी पोचायला दीड तास लागला की कोणाचंही डोकं फिरेल. पण यातले बहुतेक उपाय या शहराने करून झालेत, आणि त्यांचं काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे.

"रस्ते रुंद करा, उड्डाणपूल बांधा"

विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आठवा. कोंडी संपवायला म्हणूनच तो बांधला होता. कोंडी संपली नाही, आणि पुढे मेट्रोचा मार्ग त्याच्यासोबत बसेना म्हणून जुलै २०२० मध्ये तो पाडला. दीड दशकसुद्धा तो पूर्ण टिकला नाही. त्याच्या बांधणीला आणि पाडणीला पैसे आपलेच गेले.

रस्ता मोकळा झाला की पहिले काही महिने बरं वाटतं. मग बसने जाणारा गाडी काढतो, गर्दी टाळून लवकर निघणारा पुन्हा नेहमीच्या वेळेला निघतो आणि रस्त्याच्या टोकाला घरांच्या नव्या स्कीम उभ्या राहतात. पूल चौक ओलांडून देतो खरा, पण गाड्या पुढच्या सिग्नलला जाऊन साचतातच. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ पर्यंत रुंद केला, काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून २६ लेनपर्यंत. थोड्याच वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास तिथे पुन्हा लांबला. आपल्या पेठांत तर २६ फूट मिळायची मारामार आहे.

याउलट दक्षिण कोरियात सोलने २००३ ते २००५ या काळात शहराच्या मधोमध असलेला उन्नत महामार्ग पाडून खालचा चंगेचॉन ओढा मोकळा केला. त्याच सुमारास बसव्यवस्था नव्याने बांधली, रस्त्याच्या मधून बससाठी वेगळ्या लेन काढल्या. शहर ठप्प होईल अशी भीती तेव्हा खूप जणांनी घातली होती. तसं झालं नाही.

साधा हिशोब करून पाहा. गाडीत सरासरी दीड माणूस धरला तर ५० माणसांना ३३ गाड्या लागतात. चार मीटरची एक गाडी, म्हणजे एकीला एक चिकटवून उभ्या केल्या तरी १३० मीटरची रांग. तीच ५० माणसं १२ मीटरच्या एका बसमध्ये मावतात. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात हेच तत्त्व लिहून ठेवलंय: रस्त्याची जागा माणसांच्या हिशोबाने वाटायची, वाहनांच्या नाही.

"बीआरटी फसली"

२००६ च्या डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी सुरू झाली आणि ती अर्धवट होती, हे मी मान्य करतो. बसच्या लेनमध्ये दुचाक्या घुसायच्या, थांब्यापर्यंत धड पोचता यायचं नाही. पण अर्धवट केलेल्या कामावरून अख्खी कल्पनाच टाकाऊ ठरवायची का? पिंपरी-चिंचवडमध्ये औंध–रावेत आणि नाशिक फाटा–वाकड हे मार्ग २०१५ मध्ये सुरू झाले ते टिकले. नगर रस्त्यावरची बीआरटी मात्र काढून टाकली.

बीआरटीचा फायदा काय ते साध्या थांब्यावर उभं राहिलं की कळतं. थांब्यापुढे रिक्षा आणि दुचाक्या लागलेल्या असतात, म्हणून बस दुसऱ्या लेनमध्येच थांबते. सत्तरीच्या आजी एका हातात पिशवी धरून, मागून येणाऱ्या दुचाक्या चुकवत रस्त्यात उतरतात. दांडा धरून उंच पायरीवर पाय ठेवतात न ठेवतात तोच कंडक्टर डबल बेल मारतो. बीआरटीच्या स्टेशनात फलाट आणि बसची फरशी एका पातळीत असते. आजी चालत आत जातात. व्हीलचेअरही जाते.

"पीएमपी तोट्यात आहे"

आहे. पण कोणता रस्ता नफ्यात आहे? कोणता उड्डाणपूल त्यावरून जाणाऱ्या दुचाकीकडून पैसे वसूल करतो? तोटा हा शब्द आपण फक्त बसलाच लावतो. पीएमपीची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०:४० प्रमाणात भरतात आणि त्या पैशांत रोज दहा लाखांच्या आसपास माणसं प्रवास करतात. ती सगळी उद्या दुचाकीवर आली तर कोंडी किती वाढेल याचा विचार करा. केंद्राचा निकष एक लाख लोकसंख्येमागे ६० बसचा आहे. २०११ च्या जनगणनेत दोन्ही शहरं मिळून ४८ लाखांवर होती, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येलाच २,९०० बस हव्यात. आज ताफा दोन हजारांच्या आसपास घुटमळतोय. अर्धा तास बस येत नाही म्हणून लोक दुचाकी घेतात आणि मग आपणच म्हणतो, पुणेकराला बस नको.

"मेट्रो आली, आता बस कशाला?"

मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत पोचली. चांगलंच झालं. पण मेट्रो ठरावीक रेषांवर धावते आणि शहर त्या रेषांबाहेर पसरलंय. स्टेशनपासून तीन किलोमीटरवर राहणाऱ्याला तिथवर वेळेवर बस नसेल तर तो दुचाकी काढेल, आणि एकदा काढली की थेट ऑफिसलाच जाईल. मेट्रो भरायची असेल तर बस वाढवाव्याच लागतील.

"फूटपाथवर कोणी चालत नाही"

चालणार कुठून? रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचा निकष किमान १.८ मीटर मोकळ्या फूटपाथचा आहे. आपल्याकडे त्यात विजेचे डीपी बॉक्स, केबलचे चेंबर, झाडाभोवतीचा कठडा आणि मग उरलेल्या जागेत दुचाक्या. जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद केले तर तिथे संध्याकाळी पोरंबाळं, म्हातारीकोतारी सगळी चालतात, बाकांवर बसतात. जागा मिळाली की माणसं चालतात.

पार्किंगचं म्हणाल तर एक गाडी उभी करायला १२ चौरस मीटरच्या वर जागा लागते. एवढ्या मापाची खोली याच भागात भाड्याने घ्यायला गेलात तर महिन्याला हजारो रुपये मोजाल, आणि रस्त्यावरची तेवढीच जागा मात्र दिवसभर फुकट हवी. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१८ मध्ये वाहनतळ धोरण मंजूर केलं, त्यात रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क होतं. त्याची अंमलबजावणी मात्र पुढे वर्षानुवर्षं रखडली. ग्रुपवर मागणी करायचीच असेल तर आधी तिची करा.