१९६२चं युद्ध महिन्यात संपलं, त्यातून झालेल्या जोड्या तशाच राहिल्या

१९६२चा विषय निघाला की आपल्याकडे वाद ठरलेला: चूक नेहरूंची की तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांची? मला या वादात आता रस उरलेला नाही. त्या युद्धाने आपल्या शेजारची समीकरणं कशी उलटीपालटी केली याबद्दल आपण फार कमी बोलतो, आणि आज भोवतंय ते तेच.

२० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला आणि २१ नोव्हेंबरला स्वतःच युद्धबंदी जाहीर केली. तोवर अलिप्ततेचा आग्रह धरणाऱ्या नेहरूंना केनेडींकडे लढाऊ विमानं मागावी लागली होती. अमेरिकेची, ब्रिटनची शस्त्रं येऊ लागली आणि पाकिस्तान बिथरला. सिएटो, सेंटो या दोन्ही कम्युनिस्टविरोधी गटांत बसलेला हा देश मार्च १९६३ मध्ये थेट कम्युनिस्ट चीनशी सीमाकरार करून मोकळा झाला! बोलणी आधीपासून चालू होती, पण आपला पराभव पाहून त्यांना जोर चढला. पाकव्याप्त काश्मीरच्या उत्तरेकडच्या शक्सगाम खोऱ्यातला पाच हजार चौरस किलोमीटरहून जास्त प्रदेश, जो मुळात आपला, त्यांनी चीनला देऊन टाकला.

हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवं. पण मेननांच्या जागी संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांचं मोठं काम त्यानंतरचं. १९६४ मध्ये ते शस्त्रांसाठी अमेरिकेला गेले. पाकिस्तानला दिलेली एफ-१०४ विमानं भारताला द्यायला अमेरिका तयार झाली नाही. त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले. मिग-२१ची बोलणी युद्धाआधीचीच, पण सोव्हिएत शस्त्रांवरची आपली भिस्त या काळात पक्की झाली. नाशिकजवळ ओझरला मिगचा कारखाना उभा राहिला. १९७१चा भारत-सोव्हिएत करार याच वाटेवरचा. युक्रेनवरून भारत रशियाला का दुखवत नाही, असं विचारणाऱ्यांनी हा इतिहास आधी वाचावा.

मे २०२५च्या संघर्षात पाकिस्तानने चिनी जे-१० विमानं आपल्याविरुद्ध उतरवली. चीन त्यांना आपल्या हालचालींची माहिती त्याच वेळी पुरवत होता, असं नंतर आपल्या उपलष्करप्रमुखांनीच सांगितलं. यात अचानक घडलेलं काही नाही, ही जोडी साठ वर्षांची आहे. म्हणून एकट्या पाकिस्तानशी होणाऱ्या लढाईचे हिशेब आता कुणी मांडूच नयेत, असं माझं ठाम मत आहे.