ते फाटलेलं पान

गिरणीत बसून लिहितेय. माझ्यापुढे सहा डबे आहेत आणि आत्ता ज्वारी चालू आहे. ज्वारी संपल्याशिवाय गव्हाचा नंबर लागत नाही, म्हणजे पाऊण तास कुठे गेला नाही. घरी जाऊन शांत डोक्याने लिहिणार होते, पण घरी पोचेपर्यंत राग निवेल आणि मग लिहिणंच होणार नाही. म्हणून इथेच.

आज सुट्टी, त्यामुळे कामांची यादी हातात. बाबांच्या चष्म्याची काडी बसवून आणणे, भाचीच्या वह्या, येताना दळण. वह्यांसाठी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात गेले. जूनमधला तो चौक तुम्हाला माहीत आहे, पाय ठेवायला जागा नसते. एका दुकानात वह्यांचा गठ्ठा बांधून होईपर्यंत बाजूला उभी होते, तर खालच्या कप्प्यापाशी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा उकिडवा बसलेला दिसला. मांडीवर कॉमिक. ओठ हलत होते. मध्येच एकदा मागचं पान उलटून काहीतरी पडताळून पाहिलं आणि पुन्हा पुढे आला.

त्याची आई आली. म्हणाली, "ठेव ते. चित्रं बघायला पैसे नाही देणार मी. वाचायचं पुस्तक घे एखादं."

काउंटरवरचा माणूस हसून म्हणाला, "बरोबर आहे ताई, त्याला काय वाचन म्हणायचं?"

पोराने एक शब्द काढला नाही. कॉमिक होतं तिथे, होतं तसं, कडेला कड लावून नीट ठेवलं. मग आईने बोधकथांचं एक पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि औषधाची बाटली धरावी तसं ते धरून तो उभा राहिला.

ओठ हलत होते हो त्याचे! वाचत नव्हता तर काय करत होता तो?

मी काही बोलले नाही. वह्या घेतल्या आणि निघाले. त्याचाच राग जास्त आहे, स्वतःवरचा. कारण मला बोलायला पाहिजे होतं. माझ्याकडे बोलण्यासारखं होतं.

मी सहावीत होते, मिरजेला. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याचं एक दुकान होतं. सायकलींचे पंक्चर काढून मिळायचे आणि पुढे दोरीवर कॉमिक्स टांगलेली असायची. दोन रुपये दिवसाला. काका वहीत नाव लिहून घ्यायचे, अनामत वगैरे काही नाही. कॉमिक्स हिंदी, राज कॉमिक्सची, बरीचशी आमच्या जन्माच्या आधीची, कडा पिवळ्या पडलेल्या. माझं हिंदी शाळेने सुधारलं नाही, त्या दोरीने सुधारलं.

एकदा नागराजचं, म्हणजे राज कॉमिक्सच्या त्या सापवाल्या नायकाचं, एक कॉमिक इतिहासाच्या पुस्तकात घालून मधल्या तासाला वाचत होते. बाईंनी पकडलं. सगळ्या वर्गासमोर धरून म्हणाल्या, "असला कचरा वाचतेस?" आणि मधोमध फाडलं. फर्रकन. तो आवाज मला अजून ऐकू येतो. अर्ध्याचे तुकडे केराच्या टोपलीतून मी नंतर गोळा केले, पण एक पान गेलं ते गेलंच. आणि ते कॉमिक माझं नव्हतंच, काकांचं होतं.

संध्याकाळी रडत दुकानात गेले. पुढचं जरा वेळाने सांगते, आत्ता डोकं तापलंय.

आपल्याकडे दर वर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. भाषणं होतात. मुलं वाचत नाहीत, मराठी वाचत नाहीत, मोबाइलने वाटोळं केलं. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी इथे स्टेटस टाकले, मीही टाकला. आणि एखादं पोर खरोखर, आपणहून, भर दुकानात जमिनीवर बसून वाचायला लागलं की आपण त्याच्या हातातून काढून घेतो आणि सांगतो, हे नव्हे.

मग कुठलं? तुमचं ठरलेलं?

कॉमिक वाचणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी एक नीट वाचून बघावं. दोन चौकटींच्या मध्ये पांढरी पट्टी असते ना, सगळी गोष्ट तिथे घडते. एका चौकटीत हात उगारलेला, दुसऱ्या चौकटीत कप फुटलेला. मधलं कुणी काढलेलं नसतं, ते वाचणाऱ्याने डोक्यात घडवायचं असतं. तो मुलगा मागचं पान उलटून बघत होता तो याचसाठी. आधी काय दिसलं होतं, आता काय दिसतंय, मध्ये काय झालं असेल. हे आठ वर्षांचं पोर करतं आणि आपण म्हणतो चित्रं बघतोय.

आणि मराठी! मराठीइतकी कॉमिक्ससाठी जन्माला आलेली भाषा मला दुसरी दाखवा. धाडकन, खळ्ळकन, सपकन, सुर्रकन, कचकन, टचकन. दार धाडकन आपटतं आणि धप्पकन बसतो तो माणूस. पोटात धस्स होतं. काळजात चर्र होतं. डोकं भणभणतं, कान कुईं करतात, डोळे लकाकतात. इंग्रजी कॉमिकवाल्यांना आवाजांचे शब्द बनवावे लागले, आपल्या आज्या ते रोज स्वयंपाकघरात वापरतात. फोडणी चर्रकन बसते, दूध भस्सकन उतू जातं. एवढा खजिना घरात आणि त्यातून मराठी कॉमिक्स किती? मुलांच्या हातात आज द्यायला किती? बोटं मोजा.

असं नाही की कधी नव्हतीच. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९० पर्यंत चालली, मराठीतही निघायची. वेताळ (म्हणजे फँटम), जादूगार मँड्रेक, मग १९७६ पासून आपला भारतीय बहादूर, आबिद सुरतींचा. बाबा सांगतात, मिरज स्टेशनवर गाडी थांबली की ते आजोबांच्या मागे लागायचे. पेटी भरून होती त्यांच्याकडे. ते नोकरीला बाहेरगावी गेले आणि आजीने किलोवर घालून टाकली. बाबा अजून तिला काही म्हणत नाहीत, पण जुन्या पेटीकडे बघतात तेव्हा मला कळतं.

मी आता तीच परत गोळा करतेय, बाबांसाठी म्हणा, माझ्यासाठी म्हणा. रविवारी सकाळी मंगळवार पेठेतला जुना बाजार. जुने नळ, कुलपं, मिक्सरची भांडी यांच्याखाली कधीतरी एखादं सापडतं. मुखपृष्ठ नसलेला एक मराठी वेताळ मला तिथेच मिळाला, विकणाऱ्याने वजनाच्या गठ्ठ्यातून काढून दिला. कधी पगार झाल्यावर सिंहगड एक्सप्रेसने दादर आणि तिथून माटुंग्याला, किंग्ज सर्कलचा फुटपाथ. उन्हात तीन-तीन तास गठ्ठे चाळायचे. घरच्यांना वाटतं पोरगी मुंबईला फिरायला जाते. हेच माझं फिरणं आहे.

आणि या चाळण्यातच मला ती गोष्ट कळली जिच्यामुळे आज राग दुप्पट झालाय.

आपण कॉमिक्सना कचरा म्हणतो, पण या देशातली अर्धी कॉमिक्स काढली कुणी? अमर चित्र कथा अनंत पैंनी १९६७ मध्ये सुरू केली, त्यातला सुरुवातीचा 'कृष्ण' राम वाईरकरांनी काढला. १९८० ला मुलांचं टिंकल मासिक आलं. त्यातला सुपंडी, पुन्हा वाईरकर. टोपीखाली डोळे झाकलेला शिकारी शंभू, वसंत हळबे. अमर चित्र कथेतले प्रताप मुळीक, दिलीप कदम. नावं वाचा. वाईरकर, हळबे, मुळीक, कदम. आपल्या गल्लीतली नावं आहेत ही. आपल्याकडे चौकात पुतळे कमी नाहीत, पण यातलं एक तरी नाव तुमच्या शाळेत कुणी फळ्यावर लिहिलं होतं?

आणि नागराज, ज्याला बाईंनी वर्गात फाडला, त्याची सुरुवातीची कॉमिक्स कुणी काढली? प्रताप मुळीकांनीच. दिल्लीचं प्रकाशन, हिंदी भाषा, हात मराठी. मला हे कळलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, फुटपाथवर उकिडवी बसलेली, आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बघा, तोच शब्द.

आता पत्र्याच्या दुकानाचं सांगते.

रडत गेले, तुकडे पुढे केले. मला वाटलं पैसे भरावे लागणार, घरी कळणार. काकांनी पंक्चरचं काम बाजूला ठेवलं, हात पुसले, तुकडे जुळवून पाहिले, मागून कागदाच्या पट्ट्या लावल्या. मग म्हणाले, "मधलं एक पान नाही गं. तुला आठवतंय का काय होतं त्यात?"

म्हटलं, आठवतंय.

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी हिशेबाच्या वहीतलं मागचं कोरं पान फाडून माझ्या हातात दिलं. "मग काढून दे. पुढच्या पोराचं अडायला नको."

दोन रात्री बसले. दोन्ही बाजू मिळून अकरा चौकटी. नागराज कुठल्या कोपऱ्यात उभा होता, मनगटातून साप कुठल्या बाजूला गेले, खलनायकाच्या तोंडी काय वाक्य होतं, शेवटच्या चौकटीत कुणाचं तोंड अर्धंच दिसत होतं, सगळं आठवत होतं. एकही चौकट अडली नाही. इतिहासाचा धडा मी पाच वेळा वाचला होता, त्यातलं एक सन आठवत नव्हतं.

काकांनी ते पान खळीने चिकटवलं आणि कॉमिक पुन्हा दोरीवर टांगलं. चित्रं काही चांगली नव्हती. पण कुणी ते भाड्याने नेऊन परत आणलं की मी दुकानात असले तर काका विचारायचे, "मधलं पान कळलं का?" आणि पोरं म्हणायची, कळलं की.

ते वाचन नव्हतं म्हणे.

ज्वारी संपली. आता गहू. माझ्यापुढे अजून तीन डबे.

जरा शांत होऊन लिहिते. त्या बाईंबद्दल एक सांगायलाच हवं, नाहीतर ते अर्धवट होईल. वर्गात साठ पोरं होती आणि त्याच बाईंनी सातवीत मला 'किशोर'चे जुने अंक घरून आणून दिले होते, गठ्ठाभर. वाईट नव्हत्या त्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की हा कचरा, त्यांनी मला सांगितलं. आजची आईसुद्धा. दोन्ही हातांत पिशव्या, गणवेश, बूट, वह्या, वर कॉमिकची किंमत. परदेशी कॉमिक्स आज पाचशे-सातशेला जातात, परवडत नाहीत, मान्य. मलाही परवडत नाहीत. आणि हेही मान्य की दोरीवरच्या कॉमिक्समध्ये पुष्कळदा नुसती हाणामारी असायची आणि बायका किंचाळण्यापुरत्या. पण वाईट कादंबरी हातात आली म्हणून कुणी कादंबरी वाचणंच वाचन नाही असं म्हणत नाही ना.

'चिंटू' आठवतो का? १९९१ पासून, सकाळमध्ये, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा. कितीतरी घरांत पेपर आला की पोरं आधी तिथे जायची, तीन-चार चौकटी, आणि त्यानंतर पेपरातलं बाकीचं. मराठी वाचायला किती मुलं अशी शिकली असतील. तेव्हा कुणी आई म्हणाली नाही की पेपर ठेव खाली, चित्रं बघतोस.

आणि शेवटचं एक, कारण हे मला झोपू देत नाही. बाबासाहेबांचं आयुष्य सांगणारं 'भीमायन' हे कॉमिक २०११ मध्ये आलं. परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी काढलंय. त्यात साध्या माणसांच्या बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे आहेत आणि विषारी बोलणाऱ्यांच्या फुग्यांना विंचवाची नांगी आहे. मी ते पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा कितीतरी वेळ उलटलंच नाही. वाक्य वाचायच्या आधी त्याची नांगी दिसते. हे फक्त कॉमिक करू शकतं, दुसरं कुणी नाही. आणि महाडच्या तळ्याची ती गोष्ट, आपल्या कोकणातली, आपल्या माणसाची, ती आधी इंग्रजीत आली. आपण करू शकलो नसतो का? हात होते. मुळीकांपासून कदमांपर्यंत सगळे हात होते.

गिरणीवाले काका म्हणतायत पुढचा डबा माझा.

तर सांगायचं ते हे. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, गावच्या घरी जुनी मराठी इंद्रजाल, अमर चित्र कथा, काहीही असेल तर रद्दीत घालू नका. फाटकं असलं तरी चालेल, पानं गेलेली असली तरी चालेल. कोथरूडपासून हडपसरपर्यंत कुठेही मी स्वतः येऊन घेऊन जाईन, रविवारी दुपारनंतर, जुना बाजार आटोपला की. रद्दीच्या भावापेक्षा जास्तच देईन.

आणि पुढच्या शनिवारी मी पुन्हा अप्पा बळवंत चौकात जाणार आहे. भाचीच्या वह्यांना कव्हरं घ्यायची राहिलीत. ते कॉमिक खालच्या कप्प्यात डावीकडून तिसरं आहे. आज वह्यांचे पैसे देताना मागे वळून बघितलं होतं, तर आई पैसे मोजत होती आणि तो मुलगा बोधकथांचं पुस्तक काखेत मारून पुन्हा तिथेच उभा होता. हात लावला नव्हता. मान वाकडी करून नुसता त्याच्या कडेवरचं नाव वाचत होता.