सान्साचे सीन पुढे पळवणाऱ्या पोरांसाठी

आज मेट्रोत वनाझपासून गरवारे कॉलेजपर्यंत माझ्या शेजारी दोन पोरं उभी होती, अठरा-एकोणीसची असतील, गेम ऑफ थ्रोन्स ही सिरियल पहिल्यांदाच बघतायत. एक दुसऱ्याला सांगत होता की सान्सा आली की मी सरळ फॉरवर्ड करतो, नुसती रडते आणि त्या जॉफ्री राजाला हो हो करत बसते, तिची बहीण आर्या बघ कसली भारी आहे. दुसरा म्हणाला, सेम. मी उतरले, भाजी घेतली, घरी आले, कुकर लावला, तरी डोकं शांत होत नाहीये म्हणून लिहितेय.

नुसती रडते?? अरे, पुस्तकात ती पोरगी सुरुवातीला अकरा वर्षांची आहे, सिरियलमध्ये थोडी मोठी केलीय एवढंच. बापाचं मुंडकं तिच्यादेखत उडवतात, वर ते भाल्यावर टोचलेलं बघायला तिला तटावर नेतात आणि ती बघते. भर दरबारात राजाचे रक्षक तिला मारतात, कपडे फाडतात, कारण काय तर तिकडे लांब तिच्या भावाने लढाई जिंकली. आणि तिने त्याच दरबारात गोड आवाजात म्हणायचं की माझा भाऊ देशद्रोही आहे आणि माझं राजावर प्रेम आहे. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मान गेली. हे रडणं आहे का? मला तर ते बघताना घाम फुटतो.

मी स्वतः अकरा वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत आत्याकडे राहायला गेले होते, सदाशिव पेठेतला वाडा, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आमटीत मीठ जास्त पडलं होतं. आत्याच्या सासऱ्यांनी, त्यांना सगळे नाना म्हणायचे, भरलेलं ताट उचलून भिंतीवर फेकलं. सगळे गप्प. आत्या उठली, फडकं घेतलं, भिंतीवरून ओघळणारी आमटी वरून खाली पुसत आली आणि म्हणाली, "दुसरं वाढते, दोन मिनिटं." पाहुण्यांशी बोलतात ना अगदी त्या आवाजात.

आणि मी काय केलं? रात्री गच्चीवर सगळ्या भावंडांत ऐटीत सांगितलं की आत्याला कणाच नाही, माझ्यावर कोणी ताट फेकलं तर मी परत फेकून मारीन. सगळी हसली, एकाने टाळ्या वाजवल्या. मी आर्या होते ना! आत्या जिन्यात उभी होती, आमच्यासाठी दुधाचे पेले घेऊन.

म्हणून राग येतो मला. त्या पोरांचा आणि माझाही.

आता आर्या भारी आहेच, कोण नाही म्हणतंय. आणि हो, आर्या आणि जॉफ्रीच्या नदीकाठच्या भानगडीत काय घडलं विचारल्यावर सान्सा "मला आठवत नाही" म्हणाली आणि बहिणीला तोंडघशी पाडलं, चूक केली, त्यात तिचीच पाळलेली लांडगी मारली गेली. मान्य. पण आर्याच्या हातात तलवार होती आणि पायाखाली रस्ता होता. सान्सा राजवाड्यात अडकलेली, आजूबाजूला सगळे शत्रू, हातात काय, तर तोंडातले शब्द. त्या शब्दांवर तिने एक माणूस वाचवलाय! जॉफ्री एका दारुड्या सरदाराला दारू ओतून ओतून मारायला निघतो तेव्हा ही पटकन थाप मारते की वाढदिवसाला कोणाला मारलं तर अपशकुन होतो, आणि वर सुचवते की त्याला विदूषक करा. दोन सेकंदांत सुचलंय तिला हे. फॉरवर्ड करणाऱ्याला हा सीन दिसलाच नसणार.

बाहुबली आला २०१५ ला, देवसेना पंचवीस वर्षं साखळदंडात, पण शत्रूच्या चितेसाठी काटक्या गोळा करते, नजर खाली घेत नाही, थिएटरात शिट्ट्या. मीही वाजवली. म्हणजे बाईने सोसलेलं आपल्याला चालतं, फक्त सोसताना तिने डोळे वटारले पाहिजेत, आपल्याला खात्री पाहिजे की शेवटी ती हिशोब चुकता करणार आहे. सान्साचंही तेच झालं की. २०१६ च्या सीझनमध्ये तिने छळणाऱ्या नवऱ्याला, त्या रामसेला, त्याच्याच कुत्र्यांपुढे टाकलं आणि रातोरात सगळ्यांना आवडायला लागली. आधीची पाच वर्षं कुठे गेला होतात? आणि लिहिणाऱ्यांनी तर कहर केला, शेवटच्या सीझनमध्ये तिच्याच तोंडी घातलं की ते सगळे हाल झाले नसते तर मी चिमणीच राहिले असते. म्हणजे छळणाऱ्यांचे आभार माना! ते ऐकून मी टीव्ही बंद केला होता.

आपली शिवामुठीची कहाणी आठवा. राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. तिला उष्टं जेवायला, जाडंभरडं नेसायला, गोठ्यात राहायला. पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मग मूग, मग जव, मुकाट्याने वाहत राहते. आत्या श्रावणात ही कहाणी मोठ्याने वाचायची, नाना झोपाळ्यावर बसून ऐकायचे, हात जोडायचे. शेवटी देऊळ सोन्याचं होतं आणि सासऱ्याला ती अचानक आवडायला लागते. लहानपणी मला हा शेवट फार आवडायचा. आता वाटतं, देऊळ दगडाचंच राहिलं असतं तर काय, ती नावडतीच?

कारण आत्याचं देऊळ नाही झालं हो सोन्याचं. तिने कधी ताट फेकलं नाही, घर सोडलं नाही. नाना अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं तिनेच केलं. कोणी म्हणेल अशा गोष्टी सांगून बायकांना सोसायलाच शिकवतात, असेल, तेही खरं असेल. पण मी सोसा म्हणत नाहीये, मी म्हणतेय जी सोसत होती तिच्याकडे बघा तरी. पुढे पळवू नका.

गच्चीवरच्या त्या रात्रीनंतर काय झालं ते मला आत्तेबहिणीने खूप वर्षांनी सांगितलं. माझं बोलणं नानांच्या कानावर गेलं होतं. मी सुट्टी संपवून घरी आले, चकल्यांचा डबा घेऊन, आणि तिकडे आठ दिवस ते आत्याच्या हातचं जेवले नाहीत, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की हिच्या माहेरची पोरं ताटं फेकायला शिकलीत. माझ्या डायलॉगची किंमत तिने भरली. मला कळूही दिलं नाही.

आत्ता, हे लिहिता लिहिता तिला फोन केला. एकोणऐंशी वर्षांची आहे, कोथरूडला लेकीकडे असते, वाडा कधीच पडला. म्हटलं आत्या, ती आमटीची भिंत आठवते का गं तुला? थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोपटी होती. डाग जात नसत गं, म्हणून तिथे कालनिर्णय लावायचे मी. जरा खालीच लावावं लागायचं."